गोड बोलण्याला मार्क किती? टेक्स्ट रोलप्लेइंग गेममधला न मिटलेला वाद

समजा, तुम्ही एका ऑनलाइन खेळात किल्लेदार आहात. खेळात चित्रं नाहीत, आवाज नाही, सगळा कारभार मजकुरावर. रात्री साडेअकराला दुसरा एक खेळाडू आपल्या पात्राच्या वतीने लिहितो: "दूत पुढे येतो, मान झुकवतो आणि म्हणतो, दरवाजा उघडा, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

वाक्य अगदीच साधं. तुमचा किल्लेदार वीस वर्षं याच शत्रूशी झुंजलेला, त्याचा मुलगा याच युद्धात गेलेला. तो कशाला उघडेल दरवाजा? तुम्ही नकार टाइप करायला घेता, तेवढ्यात स्क्रीनवर एक ओळ उमटते. दूताने 'मन वळवणे' या गुणावर फासे टाकले. निकाल: यशस्वी.

आता काय करायचं?

तुम्ही म्हणाल, काही नाही करायचं. किल्लेदार माझा, त्याचं मन माझं, फासे कोण सांगणार मला? बरोबर. पण जरा दूताच्या खुर्चीत बसून बघा. त्या खेळाडूने पात्र तयार करताना तलवारीत एक गुण घातला नाही, निम्मे गुण बोलण्यात घातले. उद्या तुमच्या किल्लेदाराने तलवार उपसली आणि फासे म्हणाले 'दूताचं मुंडकं उडालं', तर त्याला ते निमूट मान्य करावं लागेल. म्हणजे तुमचं शस्त्र खरं आणि त्याचं खोटं?

टेक्स्ट रोलप्लेइंग गेमच्या जगात यावर वर्षानुवर्षं भांडणं होत आली आहेत. बोलण्या-पटवण्याच्या कौशल्याला आकडा असावा का? आणि असलाच, तर तो दुसऱ्या खेळाडूच्या पात्रावर चालावा का?

हे खेळ म्हणजे नेमकं काय?

ज्यांनी हे कधी बघितलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' नावाचा खेळ लिहायला घेतला. पुढे रिचर्ड बार्टल यांनी तो वाढवला. अनेक जण एकाच वेळी एका मजकुराच्या जगात शिरू शकत होते. त्यात भर होता राक्षस मारण्यावर आणि खजिना गोळा करण्यावर. मग १९८९ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जेम्स अ‍ॅस्पनेस यांनी 'टायनीमड' काढला. त्यात लढाईपेक्षा गप्पांना आणि स्वतःची जागा बांधण्याला महत्त्व होतं. त्याच घराण्यातून पुढे 'मश' नावाचा प्रकार आला आणि लोक तिथे चक्क सामूहिक कादंबरी लिहिल्यासारखे खेळू लागले.

पद्धत सोपी आहे. प्रत्येक खेळाडूचं एक पात्र. तुम्ही चार-सहा ओळी लिहायच्या, तुमचं पात्र काय करतं, काय बोलतं. समोरचा उत्तरादाखल त्याच्या पात्राच्या ओळी लिहितो. या ओळींच्या तुकड्याला 'पोझ' म्हणतात. आज हेच फोरमवर चालतं, डिस्कॉर्डवर चालतं. सोबत प्रत्येकाची एक 'शीट' असते, प्रगतिपुस्तकासारखी. ताकद इतकी, चपळाई इतकी, बुद्धी इतकी. शंका आली की फासे टाकायचे. अर्थात हल्ली फासे सॉफ्टवेअर टाकतं.

आकडा आला कुठून?

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला, कागद-पेन्सिल-फासे घेऊन टेबलाभोवती खेळायचा. त्यात पात्राचे सहा गुण होते आणि सहावा होता करिष्मा. (हा शब्द मराठीत आपण पुढाऱ्यांसाठी राखून ठेवलाय, पण चपखल बसतो.) गंमत म्हणजे त्या पहिल्या आवृत्तीत करिष्म्याचं मुख्य काम समोरच्याला पटवणं हे नव्हतं. तुम्ही किती साथीदार पदरी बाळगू शकता आणि ते किती निष्ठावान राहतील, हे त्यावरून ठरायचं. करिष्मा १८ असेल तर बारा जण. शिवाय एखाद्या चेटकिणीने तुम्हाला पकडलं तर ती तुमचं डुक्कर करेल की तुम्हाला प्रियकर म्हणून ठेवून घेईल, हे ठरवायलाही तो उपयोगी पडेल, असं पुस्तकात सुचवलं होतं. गंमत सोडा, पण 'बोलून जिंकणं' ही गोष्ट तेव्हा खेळाडूच्या तोंडावरच सोडलेली होती.

नंतर आकडे वाढत गेले. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत थापा मारणं, मुत्सद्देगिरी, धमकावणं, समोरच्याचा डाव ओळखणं अशी वेगवेगळी कौशल्यं आली. २००३ च्या सुधारित आवृत्तीत तर तक्ताच होता. वैरी असलेल्या माणसाला तटस्थ करायला २५ हवेत, मित्र करायला ३५. वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि त्यात आपलं कौशल्य मिळवायचं. आता हिशोब करा. कौशल्य २४ असलेल्या पात्राच्या फाशावर १ जरी पडला, तरी बेरीज २५. म्हणजे मिनिटभर बोलायचं आणि कुठलाही हाडवैरी थंड. समोर चहावाला असो की सम्राट, आकडा तोच! यावर लोकांनी भरपूर डोकं आपटून घेतलं.

ऑनलाइन टेक्स्ट गेमसाठी मात्र जास्त महत्त्वाचा ठरला १९९१ चा 'व्हॅम्पायर: द मास्करेड'. रक्तपिपासूंचं दरबारी राजकारण हा त्याचा विषय, म्हणजे तलवारीपेक्षा कानगोष्टी जास्त. त्यामुळे बऱ्याच मश खेळांनी हे जग आणि त्याचे नियम उचलले. त्यात गुणांचे तीन गट आहेत: शारीरिक, सामाजिक, बौद्धिक. एका गटाला सात ठिपके, दुसऱ्याला पाच, तिसऱ्याला तीन, आणि कुठल्या गटाला किती द्यायचे ते तुम्ही ठरवायचं. सामाजिक गटात करिष्मा, दुसऱ्याला खेळवण्याची हातोटी आणि रूप.

वादाचं मूळ या सात-पाच-तीनच्या वाटणीत आहे. ज्याने सात ठिपके शारीरिक गटाला दिले, त्याच्या प्रत्येक ठिपक्याचं मारामारीत चीज होतं. ज्याने सात ठिपके सामाजिक गटाला दिले, त्याला पुढे सांगितलं जातं, "आम्ही इथे बोलण्यावर फासे टाकत नाही, छान लिहून दाखव." म्हणजे दुकानदाराने पैसे घेतले आणि पिशवी रिकामीच दिली. आणि सगळे ठिपके मुठीत घातलेला धटिंगण, त्याच्यामागचा खेळाडू टायपिंगला चलाख असला की, दरबारात सगळ्यांना बोलण्यात गुंडाळत फिरतो. शीटवर त्याचा करिष्मा एक!

टेबलावरचा नियम स्क्रीनवर का फसतो?

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या त्या तक्त्याला एक महत्त्वाची अट होती. तो फक्त खेळ चालवणाऱ्याच्या ताब्यातल्या पात्रांना लागू होता, म्हणजे पहारेकरी, दुकानदार, राजा वगैरे. दुसऱ्या खेळाडूच्या पात्राला नाही. टेबलावर हे छान चालतं, कारण तिथे पाच मित्र एका बाजूला असतात आणि बाकी अख्खं जग खेळ चालवणारा एकटा सांभाळतो. पटवायला माणसं भरपूर, आणि ती सगळी त्याची.

ऑनलाइन टेक्स्ट गेममध्ये हे चित्र बरोबर उलटं होतं. तिथे राजा खेळाडू, सेनापती खेळाडू, किल्लेदार खेळाडू आणि दूतही खेळाडू. दोघं जण मध्यरात्री एका प्रसंगात लिहीत बसलेले असतात आणि खेळ चालवणारं कुणी हजरही नसतं. अशा ठिकाणी 'खेळाडूंच्या पात्रांवर चालणार नाही' हा नियम लावला, की बोलण्याच्या कौशल्याला गिऱ्हाईकच उरत नाही.

आणखी एक फरक. टेबलावरचे पाच जण एकमेकांना ओळखतात. कुणी नाराज झालं तर चेहऱ्यावर दिसतं, चहाच्या वेळी मिटतं. इथे समोरचा कोण, कुठला, किती वयाचा, काही ठाऊक नाही. वर हे जग महिनोन् महिने चालतं. आज फाशाने दरवाजा उघडला, तर उद्या तुमच्या सहा महिन्यांच्या कथेची वाट लागलेली असू शकते.

"लिहून दाखव की!"

आकडा नको म्हणणाऱ्यांची बाजू सहज झटकण्यासारखी नाही. तलवार मला खऱ्या आयुष्यात चालवता येत नाही, म्हणून तिच्यासाठी आकडा लागतो. पण बोलणं तर इथे खरंच घडतंय! खेळाचं माध्यमच शब्द आहे. मग शब्दांचा निकाल शब्दांनी लागू द्या. या विचाराचं टोक म्हणजे एरिक वूजिक यांचा १९९१ चा 'अ‍ॅम्बर डाइसलेस'. यात फासेच नाहीत. गुण चारच: मनोबल, ताकद, दम आणि युद्धकौशल्य. बोलण्याचा गुण मुळातच ठेवलेला नाही. याच अ‍ॅम्बरच्या जगावर पुढे एक मशही चालला. एकमेकांवर कुरघोडी करणाऱ्या राजघराण्याची ही कथा असूनही बोलण्याला आकडा लागला नाही.

पण या युक्तिवादात एक मोठी फट आहे. आपल्याकडे म्हणतात ना, बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही. 'लिहून दाखव' असं म्हटलं की खेळ नेमका याच म्हणीवर चालू लागतो. जो मुळात शब्दांचा पक्का, तोच कायम मुत्सद्दी, तोच कायम मोहक. जो लाजरा आहे, ज्याचं टायपिंग हळू आहे, ज्याला समोरच्याच्या शब्दांमागचे संकेत पटकन कळत नाहीत, त्याने आयुष्यभर पहारेकरी व्हायचं. आणि यातले बहुतेक नावाजलेले खेळ इंग्रजीत चालतात. मराठी माध्यमातून शिकून तिथे उतरलेल्या माणसाला विचारा, की मनातला बिरबल स्क्रीनवर पोचेपर्यंत त्याचा काय होतो. दुबळ्या माणसाला भीम खेळायची मुभा आहे, मग अबोल माणसाला कृष्ण खेळायची मुभा का नको? रोलप्लेइंग म्हणजे जे आपण नाही ते होऊन बघणं. त्यातून नेमकं बोलणं तेवढं वगळलं तर तो एका प्रकारच्या माणसांवर अन्याय आहे, असं मला वाटतं.

शिवाय थाप मारण्याचा प्रश्न उरतोच. मजकुरात चेहरा दिसत नाही, आवाज थरथरत नाही. "मी काल रात्री घरीच होतो" हे वाक्य खरं बोलणारा आणि खोटं बोलणारा दोघंही सारखंच टाइप करतात. बरं, तो प्रसंग मागच्या पानावर वाचलेल्या खेळाडूला सत्य ठाऊक असतं, पण त्याच्या पात्राला नसतं. मग पात्राला संशय आला का, हे ठरवायचं कुणी? इथे फासे टाकणं सगळ्यात स्वच्छ, आणि गंमत म्हणजे या बाबतीत आकड्याला विरोध करणारेही फारसे कुरकुरत नाहीत.

पण 'नाही' म्हणण्याचं काय?

आता मुद्दा गंभीर होतो. पावेल कर्टिस यांनी झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टोमधल्या संशोधन केंद्रात 'लॅम्डामू' नावाचं मजकुराचं जग सुरू केलं होतं. तिथल्या एका वापरकर्त्याने एक प्रोग्राम वापरून दुसऱ्यांच्या पात्रांच्या नावाने लैंगिक आणि हिंसक कृत्यांच्या ओळी सगळ्यांसमोर छापल्या. त्या पात्रांचे मालक काही करू शकले नाहीत. पडद्यावर त्यांचीच पात्रं ते सगळं करताना दिसत राहिली. १९९३ च्या डिसेंबरमध्ये ज्युलियन डिबेल यांनी 'द व्हिलेज व्हॉइस' या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात यावर लेख लिहिला आणि ऑनलाइन वागणुकीच्या चर्चेत तो आजही वाचला जातो.

त्या प्रकारात बोलण्याचा स्टॅट नव्हता, फासे नव्हते. पण त्यातून एक गोष्ट कळते. शब्दांच्या जगात माणसाचं शरीर नसतं, त्याच्याकडे फक्त 'माझं पात्र काय करतं हे मी लिहिणार' एवढा एक हक्क असतो. तो काढून घेतला की माणसाला खरोखर लागतं, मग समोर नुसती अक्षरं का असेनात. 'भुरळ घालणे: यशस्वी' असं लिहून एखादा खेळाडू दुसऱ्याच्या पात्राला शय्येवर नेऊ पाहतो, तेव्हा तो नियमाच्या आडून याच हक्कावर हात टाकत असतो. म्हणून प्रेम, शरीर आणि छळ या गोष्टी अनेक खेळांनी फाशांच्या बाहेर ठेवल्या. तिथे दोघांची संमती हवी, नाहीतर प्रसंग तिथेच संपवायचा. कुणाची शीट कितीही भारी असो. यावर तडजोड नको, आणि ज्या खेळात ही ओळ नियमात लिहिलेली नाही तिथे नवख्याने जपूनच पाऊल टाकावं.

मग करायचं काय?

माझ्या मते गोंधळ एका ठिकाणी होतो. 'पटवणं' ही एकच गोष्ट आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यात तीन गोष्टी आहेत. काय बोलायचं, ते किती प्रभावीपणे बोललं गेलं, आणि ऐकणाऱ्याने पुढे काय केलं. पहिली गोष्ट बोलणाऱ्या खेळाडूची. दुसरी फाशांची. तिसरी ऐकणाऱ्या खेळाडूची, आणि ती त्याच्या हातातून कधीच काढू नये.

तिसरी गोष्ट खेळाडूकडे ठेवली तर तो कायम 'नाही'च म्हणेल, अशी भीती असते. खरी आहे. हरणं कुणाला आवडतं? यावर टेबलावरच्या नव्या खेळांनी चांगली युक्ती काढली. व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१० च्या 'अपॉकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये दुसऱ्या खेळाडूच्या पात्राला पटवायचा डाव यशस्वी झाला तर त्याला सक्ती होत नाही. त्याने ऐकलं तर त्याला अनुभवाचा गुण मिळतो, किंवा नकार दिला तर तो नकार निभावणं जोखमीचं होतं. डाव फारच चांगला पडला असेल तर दोन्ही लागू. निवड त्याचीच, पण 'हो' म्हणण्यात काहीतरी लाभ आहे. २०१३ च्या 'फेट कोअर'मध्ये हरणाऱ्याला निकाल लागण्याआधीच माघार घेता येते. माघार घेतली तर कसं हरायचं हे ठरवण्यात त्याचाही शब्द चालतो, वर बक्षिसाचे गुणही मिळतात.

हा विचार टेक्स्ट गेमला अगदी फिट बसतो, कारण इथे वेळ असतो. एकेका पोझला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्यात समोरच्याशी पात्राबाहेर दोन ओळी बोलून घेता येतात: "माझा डाव यशस्वी झालाय. तुझ्या पात्राला काय पटेल?" बहुतेक भांडणं या एका प्रश्नाने टळतील.

दुसरी एक साधी सवय म्हणजे फासे आधी, लिखाण नंतर. लोक आधी दणदणीत भाषण लिहितात आणि मग फासे टाकतात. निकाल 'अपयशी' आला की हिरमुसतात, आणि समोरच्यालाही कळत नाही की इतकं सुंदर भाषण फसलं कसं. आधी फासे टाका. फसला असाल तर फसलेलं भाषण लिहा: दूताची जीभ अडखळते, तो चुकून मेलेल्या मुलाचं नाव काढतो. अपयश लिहायलाही मजा येते, किंबहुना वाचणाऱ्याला तेच जास्त लक्षात राहतं.

छान लिहिणाऱ्याला जादा फासे द्यावेत, असा एक तोडगा नेहमी सुचवला जातो. मला तो पटत नाही. छान म्हणजे काय हे ठरवणार कोण, आणि पुन्हा माल विकला जाणार तो बोलक्याचाच. जादा द्यायचंच असेल तर मुद्द्याला द्या, मांडणीला नको. एखाद्याने चार दिवस खपून शोधून काढलं की किल्लेदाराचं धान्य संपत आलंय, आणि मोडक्यातोडक्या एका ओळीत ते सांगितलं, तर त्याला दोन फासे जास्त मिळायला हवेत. ती मेहनत आहे. तिला भाषा कितीही तोकडी असली तरी चालते.

आणि काही गोष्टींसाठी आकडा कितीही मोठा असो, दार बंदच. राजाला 'राज्य दे' म्हणून पटवता येत नाही. आईला 'लेकरू दे' म्हणून नाही. पात्राच्या अशा दोन-तीन न हलणाऱ्या गोष्टी शीटवर आधीच लिहून ठेवल्या तर समोरच्यालाही कळतं की कुठे डोकं आपटून उपयोग नाही.

तर आपला किल्लेदार. रात्रीचे पावणेबारा झालेत, दूताचा डाव यशस्वी झालाय आणि निवड तुमची आहे. मुलाला मारणाऱ्यांसाठी दरवाजा उघडणार नाही, ही गोष्ट तुमच्या शीटवर पहिल्या दिवसापासून लिहिलेली आहे. पण धान्य संपत आलंय हेही खरं आणि दूताच्या बोलण्यात वजन होतं हेही खरं. तुम्ही टाइप करता: "किल्लेदार बराच वेळ काही बोलत नाही. मग मोठ्या दरवाजाकडे न बघता तो पहारेकऱ्याला खूण करतो. दिंडी दरवाजा करकरत उघडतो, एका माणसापुरता. 'एकटा ये,' किल्लेदार म्हणतो, 'आणि तलवार बाहेर ठेव.'"

पुढची पोझ दूताची.